आमच्या मुलांच्या हाती ही कादंबरी कोण देणार?

मुलांच्या वाचनात मृत्यू नको. घरातील गुपिते तर मुळीच नकोत. आणि मराठवाड्यातील मुलांना समुद्राचे काय सोयरसुतक? ही तीन वाक्ये आम्ही कित्येक वर्षे ऐकत आलो आहोत. पालकांच्या सभेत ऐकली, धर्मशिक्षणाच्या वर्गाबाहेर ऐकली, मुलांसाठी पुस्तके निवडणाऱ्या सुजाण मंडळींच्या तोंडूनही ऐकली. बोलणाऱ्यांच्या हेतूविषयी आमच्या मनात किंतु नाही. मुलांचे मन कोवळे असते, ते जपावे, ही भावना कोणाची नसते? परंतु जपणे आणि झाकणे यांत फरक आहे. आम्ही झाकण्याला जपणे म्हणू लागलो आणि त्याची किंमत आमची मुले मोजत आहेत, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

कोणत्या पुस्तकाविषयी हे बोलणे आहे, ते आधी सांगितले पाहिजे. बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी लिहिलेली एक कादंबरी डोळ्यांसमोर आणा. घरातले एक माणूस गेले आहे. ते कसे गेले, का गेले, हे मोठ्यांना ठाऊक आहे. मुलाला कोणी सांगत नाही. ते न सांगितलेले घरभर वावरत असते. शेवटी त्या मुलाला एका समुद्राशी जाऊन उभे राहावे लागते आणि तेथे त्याला सत्य आणि शोक दोन्ही एकदम भेटतात. इंग्रजीत अशा कादंबऱ्यांचे स्वतंत्र दालनच आहे. ई. लॉकहार्ट यांची 'वी वेअर लायर्स' ही २०१४ सालची कादंबरी त्यांपैकी एक. धनिक घराणे, त्यांचे खासगी बेट, अपघातानंतर स्मृती गमावलेली मुलगी आणि तिच्या प्रश्नांना उत्तर न देणारी वडीलधारी माणसे. शिवॉन डाऊड या लेखिकेला कर्करोगाने नेले. तिच्या मनातील कल्पनेवरून पॅट्रिक नेस यांनी २०११ साली 'अ मॉन्स्टर कॉल्स' लिहिली. त्यात आई आजारी आहे आणि तिच्या मुलाला सगळे अर्धवट सांगत आहेत. त्याही आधी, १९७७ साली, कॅथरिन पॅटरसन यांनी 'ब्रिज टू टेराबिथिया' लिहिली. त्या मिशनरी आईबापांच्या पोटी चीनमध्ये जन्मलेल्या. आपल्या मुलाच्या बालमैत्रिणीचा वीज पडून मृत्यू झाला, तेव्हा मुलाच्या दुःखाला उत्तर देता येईना म्हणून त्यांनी ही कादंबरी रचली. मुलांच्या पुस्तकात मृत्यू कशाला, असा आक्षेप त्यांच्यावरही घेतला गेला. पुस्तक मात्र टिकले.

आमची इंग्रजी माध्यमातील मुले ही पुस्तके वाचतात. कधी छापील, कधी मोबाइलवर. म्हणजे मृत्यू आणि गुपित आम्ही दाराबाहेर ठेवले आहेत, ही आमची समजूतच खोटी आहे. ती दोन्ही घरात आलेली आहेत, फक्त परक्या भाषेतून आणि परक्या बेटावरून. आणि ज्या मुलाला इंग्रजी कादंबरी झेपत नाही, त्या लोहाऱ्याच्या, कळंबच्या, भूमच्या मुलाला तेवढेही मिळत नाही.

धाराशिव जिल्ह्याची नावे आम्ही मुद्दाम घेतली. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या जिल्ह्याला विसरता येणारी नाही. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसे झोपली होती. चार वाजण्याच्या सुमारास धरणी हादरली; जाड दगडमातीच्या भिंती आणि धाब्याची छपरे झोपलेल्या माणसांवर आली. शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारीचे नाव जगभर गेले, पण तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर आणि भोवतीच्या गावांनीही तोच आकांत पाहिला. सरकारी हिशेबाने आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेण्यात आले. घरे पुन्हा बांधली गेली, गावे नव्या जागी वसली. त्या कामाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण जे मूल तेव्हा बारा वर्षांचे होते, ते आज चाळिशी ओलांडून गेले आहे. आई, बाप, धाकटा भाऊ एका रात्रीत गमावलेल्या त्या मुलाला त्याच्या वयाला पेलेल अशी, त्याच्या शोकाला शब्द देणारी एक तरी कादंबरी महाराष्ट्राने पोहोचवली, असे छातीवर हात ठेवून आम्हांस म्हणता येईल काय? पत्रे, सिमेंट, धान्य, कपडे सारे पाठवले. शब्द पाठवावयाचे राहिले.

भूकंप तरी सर्वांदेखत झाला. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. या जिल्ह्यातील दुसरे दुःख लपवले जाते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी गांजलेल्या जिल्ह्यांत धाराशिवची गणना होते. २०१५ साली राज्य शासनाने 'बळीराजा चेतना अभियान' सुरू केले, तेव्हा त्यासाठी निवडलेले दोन जिल्हे यवतमाळ आणि उस्मानाबाद हेच होते. अशा घरात काय घडते, ते पाहा. मुलाला सांगितले जाते की बाबा आजारी होते, पाय घसरला, देवाला आवडले. त्याच वेळी घरात तलाठी येतो, कागद भरले जातात, आणि प्रकरण 'पात्र' ठरले की 'अपात्र', याची चर्चा ओसरीवर चालते. मूल आतल्या खोलीत असते, बहिरे नसते. शाळेत दुसरे मूल त्याला एका वाक्यात सारे सांगून मोकळे होते. मग त्या मुलाच्या मनात दोन गोष्टी एकदमच रुजतात. बाप गेला ही एक, आणि आईने आपल्याला खरे सांगितले नाही ही दुसरी. पहिल्या जखमेला काळ हे औषध असते असे म्हणतात. दुसरी जखम मात्र काळाबरोबर चिघळते, कारण तिच्यात आणखी एक विषारी शंका असते: मला सांगितले नाही, म्हणजे माझ्यामुळेच तर झाले नसेल?

आमच्या ख्रिस्ती घरांतही हे घडते आणि तेथे लाजेला धर्माची जोड दिली जाते. 'चर्चमध्ये काय म्हणतील?' या भीतीने किती घरांनी आपल्या माणसाच्या मृत्यूचे कारण मुलांपासून, सोयऱ्यांपासून, धर्मगुरूंपासूनही दडवले असेल! १९१७ च्या धर्मविधिसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या केलेल्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याची तरतूद होती, हे खरे. १९८३ च्या संहितेने ती काढून टाकली, हे मात्र अनेकांच्या कानी आजही गेलेले नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथॉलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो की गंभीर मानसिक व्यथा, तीव्र वेदना वा भय यांनी माणसाची जबाबदारी कमी होते. अशा व्यक्तींच्या तारणाविषयी निराश होऊ नये, ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. जीवन ही देवाची देणगी आहे आणि ती आपण होऊन टाकून देणे हे त्या देणगीच्या विरुद्ध आहे, ही शिकवण ख्रिस्तसभेने सोडलेली नाही. तिने सोडली आहे ती कठोरता. मग ख्रिस्तसभेने जे दार उघडले, ते आम्ही आमच्या घरात बंद का ठेवावे?

येथे चौथी आज्ञा पुढे केली जाते. 'आपल्या आईबापांचा मान राख.' घरातील उणीदुणी कादंबरीत मांडून मुलांच्या मनातील आईबापांची प्रतिमा कशाला मोडायची? या आक्षेपाला आम्ही पवित्र शास्त्रातूनच उत्तर देऊ. उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची कथा आपण लहानग्यांना चित्रे दाखवून सांगतो. ती कथा काय आहे? भावांनी भावाला विकले, त्याचा अंगरखा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापापुढे टाकला, आणि बाप वर्षानुवर्षे खोट्या मृत्यूचा खरा शोक करीत राहिला. एका घराण्याचे हे गुपित आहे आणि ते लपवण्यात दहा भावांचे उभे आयुष्य काळवंडून गेले आहे. ते उघडे पडते तेव्हा घराणे मोडत नाही. उलट तेव्हाच ते पुन्हा एकत्र येते. आईबापांचा मान सत्याने जात नाही. तो जातो तो सत्य दुसऱ्याच्या तोंडून कळल्याने.

आणि तोबितचे पुस्तक? आम्ही कॅथॉलिक मंडळी अभिमानाने सांगतो की ते आमच्या बायबलमध्ये आहे. पण ते आमच्या किती मुलांनी वाचले आहे? तरुण तोबिया, त्याचा आंधळा झालेला बाप, घरात साचलेले दारिद्र्य आणि रुसवे. दूर देशी सारा नावाची मुलगी, जिचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच मेले आणि जी मरण मागत आहे. तोबिया प्रवासाला निघतो. नदीतून एक मोठा मासा त्याच्यावर झेप घेतो. त्याला भिऊन पळू नकोस, धर, असे त्याचा सोबती सांगतो. पुढे त्याच माशाच्या पित्ताने बापाचे डोळे उघडतात. सोबती कोण, हे गुपित शेवटी उलगडते, आणि तेव्हा राफाएल देवदूत सांगतो की राजाची गुपिते राखणे बरे, पण देवाची कृत्ये उघड करणे भूषणावह. तरुणांसाठीची शोकाची, गुपिताची आणि पाण्याची कादंबरी आणखी वेगळी काय असते? जो मासा गिळायला आला, त्याच्याच पोटात औषध होते. दुःखावर लिहिलेल्या चांगल्या पुस्तकाचे याहून नेमके वर्णन आम्हांस सापडलेले नाही.

मराठी ख्रिस्ती साहित्याची परंपराही झाकण्याची नाही. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा मान आहे, ती 'यमुनापर्यटन' १८५७ साली बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाने लिहिली. तिचा विषय विधवांची दैन्यावस्था, म्हणजे घराघरांत झाकलेले दुःखच. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपल्या संसारातील कोणती गोष्ट लपवली? पतीचा संताप, सासरचा जाच, टिळकांच्या धर्मांतराने कोसळलेले आकाश आणि विरहाची वर्षे, सारे त्यांनी लिहिले. त्यांनी टिळकांचा मान घालवला, असे आज कोण म्हणेल? आमच्या पूर्वसुरींनी मराठीला सत्य सांगण्याचे धैर्य दिले. आम्ही त्यांचे वंशज मुलांच्या पुस्तकातून एक तिरडीही जाऊ देत नाही!

यावर 'श्यामची आई'चे उदाहरण कोणी देईल. ते योग्यच आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकाने पिढ्यान्‌पिढ्यांना आईच्या मृत्यूपाशी बसून रडू दिले. त्याने कोणाचे मन बिघडले? मने धुतली गेली. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. त्या पुस्तकाच्या कर्त्याने ११ जून १९५० रोजी स्वतःच आपले जीवन संपवले, हे आम्ही मुलांना सांगतो काय? सांगत नाही; सांगावे कसे, हेच आम्हांस कळत नाही. श्यामच्या आईचा मृत्यू आम्ही मुलांना देतो आणि श्यामचा स्वतःचा अंत मिटल्या ओठांनी चुकवतो. नेमकी हीच पोकळी भरण्यासाठी आम्ही कादंबरी मागत आहोत. पुढे प्रकाश नारायण संत यांचा लंपन आला. 'वनवास' १९९४ चे. मिलिंद बोकील यांची 'शाळा' २००४ ची. मुलांचे अंतरंग त्यांत अप्रतिम उतरले आहे. परंतु ही पुस्तके मुलांविषयी आहेत. मुलांच्या हाती देण्यासाठी, त्यांच्या वयाच्या शोकाला उद्देशून लिहिलेली नव्हेत.

राहिला समुद्र. धाराशिवच्या मुलाने समुद्र पाहिलेला नाही, म्हणून समुद्राची कादंबरी त्याला परकी, हा युक्तिवाद आम्हांस सर्वांत दुबळा वाटतो. जिल्ह्यातील तेर गाव घ्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये तगर या नावाने त्याचा उल्लेख आहे: पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर, जेथून कापड गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचच्या बंदरावर नेले जाई. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेई नगरात सापडलेली मूर्ती यांतील साम्य अभ्यासकांनी नोंदवले आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी तेरच्या विणकराला ठाऊक होते की आपले कापड समुद्रावर जाते. तेरणेचे पाणी मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला, गोदावरी सागराला. या कोरड्या जिल्ह्याचा पाऊसही समुद्रावरूनच येतो आणि तो आला नाही म्हणजे काय होते, हे वर सांगून झालेच आहे. समुद्राशी ज्याचे सुखदुःख एवढे बांधलेले, त्याला समुद्र परका?

त्याच तेरचे संत गोरोबाकाका. भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवताना स्वतःचे तान्हे मूल पायाखाली आले, ही त्यांची कथा मराठी मुलखात कीर्तनातून लहानथोर सर्वांसमक्ष सांगितली जात आली आहे. त्यात बापाची भक्ती आहे, तसाच आईचा संतापही आहे. तो कोणी गाळला नाही. ज्या भूमीने आपल्या संताच्या घरातील एवढा भयंकर प्रसंग मुलांसमोर मांडला, तिला 'मुलांना दुःख सोसत नाही' हे शिकवणारे आम्ही कोण?

आणि आमच्या मुलांना तर समुद्र दर रविवारी भेटतो. योना, वादळात निजलेला प्रभू, पाण्यावर बुडू लागलेला पेत्र, माल्टाच्या किनाऱ्यावर फुटलेले पौलाचे जहाज, हे सारे ते मिस्सेत ऐकतात. गुरू गेल्यानंतर काय करावे हे न कळून शिष्य पुन्हा जाळी घेऊन तिबिर्याच्या समुद्रावर गेले, रात्रभर काही सापडले नाही, आणि पहाटे काठावर कोळशाचा विस्तव आणि भाजलेली मासळी तयार होती. योहानाने सांगितलेला हा प्रसंग शोकाचाच आहे. नाकारणारा पेत्र त्या विस्तवापाशी उभा राहतो, तेव्हा त्याचे गुपितही तेथेच उघडे पडते आणि तेथेच बरे होते.

जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादेत भरले. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एका धर्मगुरूची निवड झाली म्हणून त्यांना विरोध झाला. प्रकृती साथ देत नव्हती. तरीही वसईच्या समुद्रकाठचा हा माणूस बालाघाटाच्या या पठारावर आला आणि मराठवाड्याने त्यास आपले म्हटले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. समुद्रकाठचा ख्रिस्ती मराठी माणूस आणि पाण्यासाठी आसुसलेला धाराशिव एकमेकांना भेटू शकतात, हे तेव्हा सिद्ध झाले. संमेलनातील त्या भेटीचे पुढे आम्ही काय केले? त्या भेटीतून एक किशोर कादंबरी निघाली असती, तर आम्हांस ती कोणत्याही स्मारकाहून मोठी वाटली असती.

शेवटचा आक्षेप श्रद्धेचा. असली पुस्तके वाचून मुले देवावर रुसतील, असे म्हणतात. रुसू द्यावे. ईयोब रुसला, स्तोत्रकर्ता रुसला, आणि क्रुसावरून प्रभूने स्तोत्राच्याच शब्दांत टाहो फोडला. जो देवाशी भांडतो, त्याचे देवाशी बोलणे चालू असते. ज्याला भांडू दिले जात नाही, तो एक दिवस बोलणेच थांबवतो, आणि मग तरुण मुले चर्चमध्ये का दिसत नाहीत, याची चौकशी करायला आम्ही समित्या नेमतो.

मात्र कोणतीही रडकथा चालेल, असे आमचे म्हणणे नाही. मृत्यूचे रसभरीत वर्णन करणारी, आत्मघाताची रीत सांगणारी वा त्याला तेजोवलय देणारी कादंबरी आम्हांस नको. गुपित म्हणजे केवळ शेवटच्या पानावरील धक्का, असे मानणारीही नको. आणि आमच्या जुन्या बोधकथांतले, मरताना गोड हसून देवदूत होणारे मूल तर नकोच नको; त्या कथा वाचून घरी रडणाऱ्या मुलाला वाटते की आपलीच श्रद्धा कमी पडली. आम्हांस हवी ती कादंबरी मुलाला खरे सांगेल, त्याच्या संतापाला जागा देईल, आणि अखेरीस त्याला एकटे सोडणार नाही. तिच्यात एक तरी मोठे माणूस असे असावे, ज्याला मुलाने विचारलेला प्रश्न ऐकून घेता येतो.

यासाठी आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली लेखकांकडे: वसई, रायगड, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती लेखकांनी आणि मराठवाड्यातील लेखकांनी मुलांसाठी लिहावे, ते कमी दर्जाचे काम मानू नये. दुसरी धर्मग्रामांकडे: वाचनालयाच्या कपाटात संतचरित्रांशेजारी अशा पुस्तकांना जागा द्यावी, आणि मृत भाविकांच्या स्मरणाच्या नोव्हेंबर महिन्यात ती तरुणांबरोबर वाचावीत. तिसरी, आणि सर्वांत अवघड, आईवडिलांकडे: पुस्तक आधी स्वतः वाचा आणि मग मुलाला द्या. ते वाचून मूल तुमच्याजवळ येईल आणि विचारील, 'आजोबा खरेच कसे गेले?' त्या वेळी कुटुंबप्रार्थनेची वेळ झाली म्हणून उठू नका. ते उत्तर हीच त्या दिवशीची प्रार्थना असेल.